सूर्यास्ताचे रंग आणि लाल चॅनेल

'धूळ जितकी जास्त तितका सूर्यास्त रंगीत' असं बरेचदा म्हटलं जातं, ते पूर्ण पटत नाही. निळा प्रकाश विखुरण्याचं मुख्य काम हवेचे रेणूच करतात. सूर्य क्षितिजावर असताना किरणांना डोक्यावरच्या तुलनेत सुमारे 38 पट हवा ओलांडावी लागते, त्यात निळा विखुरून जातो आणि लाल-नारिंगी उरतो. धुळीचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, त्यामुळे बिंब लाल दिसलं तरी आकाश मळकट आणि फिकं पडतं. पाऊस पडून हवा धुतली गेली की रंग खुलतात ते यामुळेच. (फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या 1991 च्या उद्रेकानंतरच्या जांभळ्या संध्याकाळी वेगळ्या, ते स्थितांबरातले (ढगांच्या वरच्या थरातले) अतिसूक्ष्म सल्फेटचे कण.)

फोटोत रंग उडतात ते बरेचदा ऑटो व्हाइट बॅलन्समुळे, म्हणजे कॅमेरा आपोआप रंगांचा तोल साधतो त्यामुळे. तो नारिंगी छटाच काढून टाकतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स 5500 केल्विन ठेवा. स्पॉट मीटरिंग (एका छोट्या भागावरून प्रकाश मोजणं) बिंबावर नको, बाजूच्या आकाशावर करा आणि एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाचा) लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, वेगळा बघाच. एकत्रित आलेख ठीक दिसतो, पण लाल आधीच उजव्या कडेला आपटलेला असतो, म्हणजे त्याची कमाल मर्यादा गाठलेली असते. हिरवा वाढत राहतो आणि बिंबाभोवतीचा तांबडा सपाट पिवळा होऊन बसतो. तो नंतर नीट परत येत नाही.

उंचावरचे तंतुमेघ सूर्य बुडाल्यावर 10-20 मिनिटांनी खालून उजळतात, तेव्हा ट्रायपॉड लगेच आवरू नका. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, बिंबाची हिरवट भुतं (फोटोत उमटणारी खोटी प्रतिबिंबं) बरेचदा त्याचीच. आणि टेलिफोटो लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे अजिबात बघू नका, लाइव्ह व्ह्यू वापरा.