सहा वर्षांची लेक, तारकर्लीची ट्रिप आणि स्कूबा

चिऊचीआई:
दिवाळीच्या सुट्टीत दिरांकडच्यांबरोबर तारकर्लीला चाललोय. पुतण्या तेरा वर्षांचा, पुतणी अकराची, दोघं स्कूबा करणार म्हणून नुसते नाचतायत. आमची लेक सहाची, तिला कोणी घेणार नाही, पण ती आत्तापासूनच आंघोळीच्या बादलीत तोंड घालून श्वास रोखायची प्रॅक्टिस करतेय 😅 सासूबाई म्हणतात आत्ता काही बोलू नको, तिथे गेल्यावर बघू. काय करू?

खारीबिस्किट:
तिथे गेल्यावर अजिबात नको, सगळे लाइफ जॅकेट चढवतायत आणि हिलाच नाही म्हणायचं, मग भोकाडच. घरीच सांगा, आणि नुसतं "तू लहान आहेस" नको, खरं कारण सांगा. दोन-तीन मीटर खाली गेलं तरी दाबाने कान दुखायला लागतात, नाक दाबून हवा कानाकडे ढकलावी लागते, लहान मुलांची नाक-कान जोडणारी नळी अरुंद आणि जास्त आडवी असते म्हणून नीट जमत नाही. पाडी (PADI, डायव्हिंग शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) च्या नियमात डिस्कव्हर स्कूबाला, म्हणजे नवख्यांच्या पहिल्या डाइव्हला, 10 वर्षं पूर्ण लागतात, 8 पासून फक्त बबलमेकर हा लहान मुलांचा प्रकार, तोही 2 मीटरपर्यंतच. आकडा कळला की "कधीच नाही" असं वाटत नाही पोरांना.

बिनधास्त_बाबा:
दहाची आहे सांगा ना सरळ, आधार कार्ड कोण बघतंय

खारीबिस्किट:
@बिनधास्त_बाबा वय खोटं सांगून कान मोठा होतो का?

देवबागकरीण:
ताई, आमच्याकडे येताय तर लेकीला तिचं वेगळं काहीतरी द्या, मोठ्या पोरांना मिळणार नाही असं. मोठी पोरं स्कूबाला गेली की तुमच्यापैकी एकाने हिला होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर न्यायचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, महाराजांच्या हातापायाचे ठसे, पोरं खुळावतात. आणि किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर विचारून तिला दोर धरू द्या, माणसं हसत हसत घेतात. जाळं वर आलं की बांगडे, तारली तडफडताना बघून स्कूबाबिबा विसरेल. येताना आल्याचं खाजं घ्याच.

चिऊचीआई:
सांगितलं काल. रडली, मग विचारते आठ म्हणजे अजून किती दिवाळ्या. किल्ल्याचं नवऱ्याच्या गळ्यात मारलंय, त्याला तसंही पाण्याची भीती 😂 देवबागकरीण, रापण साधारण किती वाजता ओढतात?