पाळणाघराची फी आणि फीपलीकडचा खर्च : ठाणे, नवी मुंबई (अनुभव धागा)

पाळणाघराच्या चौकशीला गेलं की एकच आकडा सांगतात, आणि महिन्याअखेरीस हातातून जातात ते पैसे वेगळेच असतात. मुलं ठेवणाऱ्यांनी, सांभाळणाऱ्यांनी इथे तपशिलात लिहा: फी कशी मोजतात, वर काय लागतं, कुठे फसगत होते. पाळणाघरांची नावं मात्र नकोत.

घोडबंदरकर:
फी तासांत मोडून बघा. उदाहरण घ्या. एकीकडे रोज 8 तासांचे महिन्याला 7,000 आणि पुढे तासाला 100. दुसरीकडे 10 तासांचे सरसकट 9,000. पहिलं स्वस्त वाटतं. पण नोकरीचे 9 तास आणि जायला-यायला मिळून 1 तास धरला, तर रोज 2 तास जादा. 22 दिवसांचे 4,400, म्हणजे एकूण 11,400. शिवाय घोडबंदर रोडला 1 तास म्हणजे नशीबच. गायमुख घाटात काम निघालं की तोही पुरत नाही. म्हणून लेट फी 15 मिनिटांच्या हिशोबाने लावतात की पूर्ण तास धरतात, हे पैसे भरण्याआधी विचारा. घराजवळचं पाळणाघर ऑफिसजवळच्यापेक्षा थोडं महाग पडलं तरी घ्या, कारण आई अडकली तर बाबा, आजी, शेजारच्या काकू, कोणीही मुलाला आणू शकतं. आणायला येणाऱ्यांची नावं मात्र फॉर्मवर आधीच लिहून द्या.

पाळणाघर चालवते (नेरूळ):
वर्षाच्या आतल्या बाळाची फी जास्त का, हे पालक नेहमी विचारतात. अशी 3 बाळं म्हणजे एका मावशीचा पूर्ण दिवस. भरवणं, ढेकर काढणं, शी-शू, झोपवणं, आणि तिघांची झोप एका वेळी कधीच येत नाही. 3 वर्षांच्या पुढची 8-10 मुलं तीच मावशी सांभाळते. तेव्हा तान्ह्याची फी मोठ्या मुलाइतकीच सांगितली तर स्वस्त मिळालं म्हणून खूश होऊ नका, एका मावशीकडे किती बाळं आहेत ते विचारा. उलट मूल स्वतः जेवायला लागलं, डायपर सुटला, की फी कमी करायचा विषय तुम्हीच काढा. आपणहून कोणी कमी करत नाही.

ॲडमिशन फी परत मिळत नाही, डिपॉझिट मिळतं. पावतीवर दोन्ही वेगळी लिहून घ्या. मुलाला काढायच्या आधी किती दिवसांची नोटीस, मे महिन्यात गावी गेलात तर पूर्ण फी की अर्धी, हेही त्याच कागदावर. आजारपणाच्या दिवसांची फी सहसा वजा होत नाही, कारण मावशीचा पगार आणि जागेचं भाडं चालूच असतं. पावसाळ्यात ताप आणि हात-पाय-तोंडाचे फोड एकाला आले की चौघांना येतात. त्या दिवसांसाठी तुमची रजा बाजूला ठेवा. खरा खर्च तिथे आहे.

काढलेलं आईचं दूध आणत असाल तर थेट फ्रीजमधून बर्फाच्या पॅकसह पिशवीत घाला, बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा. बाहेर ते 25 अंशांपर्यंत जेमतेम 4 तास टिकतं, आणि आपल्याकडचा एप्रिल त्याहून तापलेला असतो. बाळाने तोंड लावलेली बाटली 2 तासांनंतर ओतून टाकायची. एका वेळच्या छोट्या बाटल्या दिल्यात तर दूध वाया जात नाही.

ऐरोली_महापे:
मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाता येतं. पैसे कोणी भरायचे हे मात्र त्या कलमात नाही. म्हणून एचआरला 'सोय आहे का' असं विचारू नका. पूर्ण फी कंपनी भरते, सवलत मिळते की नुसता टाय-अप आहे, हे मेलवर विचारा.

कळवा:
घरी बाई ठेवणाऱ्यांसाठी. बाई पुरवणाऱ्या ब्युरोचं कमिशन एका पगाराइतकं आणि दिवाळीचा बोनस एक पगार धरा. 15,000 पगार असेल तर 11 महिन्यांच्या कराराचे 1,65,000, वर हे 30,000. महिन्याला सुमारे 17,700 पडतात, जेवण-चहा वेगळा. बाई मध्येच सोडून गेली तर बदली किती वेळा, किती दिवसांत, हे करारात नसेल तर कमिशन देऊ नका. पोलीस पडताळणी ब्युरोने केली म्हणाले तरी कागद स्वतः बघा.

खारघर से. 12:
पाळणाघराची फी आयकरातल्या ट्यूशन फीच्या वजावटीत बसते का?

घोडबंदरकर:
नुसत्या सांभाळण्याची नाही. प्ले-स्कूल, नर्सरीची ट्यूशन फी बसते, तीही जुन्या करप्रणालीत आणि दोन मुलांपर्यंतच. तेव्हा दोन्ही एकाच जागी असेल तर पावत्या वेगळ्या मागा.

पाळणाघर चालवते (नेरूळ):
खारघरकर, तुमच्याकडच्या पाळणाघरातलं 2016 चं बाळाला मारहाणीचं प्रकरण सीसीटीव्हीतच दिसलं होतं. कॅमेरा आहे एवढ्यावर थांबू नका. झोपायच्या खोलीतही आहे का आणि रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात, ते विचारा. बघायला जायचं तर दुपारी 1 च्या सुमारास, मुलं जेवत असताना, न कळवता जा.