मदत हवी आहे: कूपरच्या गायी, की भलत्याच कोणाच्या?

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या एका लिलावात गायी-मेंढ्यांचं तैलचित्र घेतलं. खाली सही टी. सिडनी कूपर, साल १८६८. कँटरबरीचा हा चित्रकार (१८०३–१९०२) आयुष्यभर गुरंच रंगवत राहिला. त्याच्या नकलाही भरपूर झाल्या, तीच धास्ती. गायींच्या ओल्या नाकपुड्या झकास. मेंढ्या मात्र कापसाचे बोळे! (बायकोला तर गायही म्हैस वाटते, ते सोडा.) अतिनील दिव्याखाली जुनं वार्निश हिरवट चमकतं, पण सही त्याच्यावर काळी उठून दिसते. म्हणजे ती मागाहून केलेली, की पुसट झालेली कोणी पुन्हा गिरवलेली? कॅनव्हासच्या मागे दुसरं कापड चिकटवलंय, त्यामुळे जुने शिक्के झाकले गेलेत. इंग्लंडमध्ये कोणी असं चित्र तपासून घेतलंय का? साफ करायला देण्याआधी विचारतोय.