लॅपटॉप पडला, हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजतेय. चेकडिस्क चालू ठेवू की बंद करू?

घाईत आणि मोबाइलवरून लिहितेय, चुका पोटात घाला.

परवा रात्री लॅपटॉप चालू असताना पलंगावरून खाली आला. चार्जरची वायर माझ्याच पायात अडकली. उंची जेमतेम गुडघ्याएवढी, पण पडला तो डाव्या कोपऱ्यावर आणि हार्ड डिस्क नेमकी त्याच कोपऱ्यात आहे. स्क्रीन शाबूत, बिजागरीपाशी बारीक चीर. त्या रात्री सगळं चाललं, म्हणून मी निर्धास्त झोपले. काल सकाळपासून रडगाणं सुरू झालं. फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं, फोटोंच्या जागी करड्या चौकटी, आणि मोठी फाइल उघडली की मशीन गोठतं, आतून एक ‘टक’ येतो आणि मग पुन्हा हलतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं. पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’. ०५ च्या ओळीत सगळी शून्यं. सी५ च्या ओळीत शून्यांच्या रांगेनंतर बी८. हे बी८ काय प्रकरण आहे ते कळलं नाही.

त्यानंतर रीस्टार्ट केला तर विंडोजने आपणहून चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करायचं त्याचंच साधन, सुरू केलं. गेले तीन तास ११ टक्क्यांवर आहे.

डिस्क ५०० जीबीची, फिरणारी, एसएसडी नाही. वय सहा वर्षं. आत दोन गोष्टी आहेत: दोन वर्षं चाललेल्या अनुवादाचं हस्तलिखित आणि लेकीचे पहिल्या तीन वर्षांचे व्हिडिओ, साधारण ६० जीबी. बॅकअप का घेतला नाही हे कृपया विचारू नका, ते घरी विचारून झालंय.

प्रश्न एवढाच की चेकडिस्क पूर्ण होऊ देऊ की मध्येच बंद करू?

पेचकस:
बंद करा. आत्ता. पॉवरचं बटण दाबून धरा आणि पुढचं ठरेपर्यंत परत चालू करू नका.

चेकडिस्कचं काम फाइलींची मांडणी जुळवणं. डिस्क धडधाकट असताना ते ठीक. तुमची डिस्क जखमी आहे आणि ते तिच्यावरच लिहितंय. न वाचता आलेल्या नोंदी ते बाद करतं, अर्ध्यामुर्ध्या फाइलींचे तुकडे वेगळे काढतं. वर त्याच खराब जागेवर हेड, म्हणजे तबकडी वाचणारा भाग, शेकडो वेळा फिरवतं ते वेगळंच. बुडणाऱ्या बोटीत आपण फर्निचर लावत बसत नाही, आधी माणसं उतरवतो.

बी८ हा सोळाच्या पायातला आकडा आहे, तो सॉफ्टवेअर तसंच दाखवतं. ११ गुणिले १६ अधिक ८, म्हणजे १८४. एवढे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता न आल्यामुळे डिस्कने ‘निकाल बाकी’ म्हणून ठेवलेत. १८४ ला ८ ने भागा, २३ येतात. आतले खरे सेक्टर ४०९६ बाइटचे, म्हणजे मोजणीतल्या ५१२ च्या आठपट, असतील, तर २३ जागी ओरखडा आहे. आज तरी एवढंच.

आता दोन गोष्टी सांगा. तो ‘टक’ एखाद-दुसरा येतो की घड्याळासारखा लागोपाठ? आणि सी७ च्या ओळीत काय होतं?

धागाकर्ती:
बंद केला. ‘टक’ एकच येतो, लागोपाठ नाही. खरखर नाही. फोनमध्ये स्क्रीनचा फोटो सापडला, सी७ शून्य आहे.

पेचकस:
सी७ मध्ये डिस्क आणि मशीनमधल्या जोडणीच्या चुका मोजल्या जातात. ते शून्य, मग कनेक्टर सैल झाला असण्याची शक्यता कमी. पडल्यावर कधी कधी तेवढंच होतं आणि माणसं डिस्कच्या नावाने रडतात, म्हणून विचारलं. इथे मात्र चालू डिस्कवर हेड आपटलेलं दिसतंय. लॅपटॉप बंद असता तर हेड बाजूला जागेवर बसलेलं असतं आणि बहुधा काहीच झालं नसतं.

नवखा_पण_हौशी:
ताई, डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या मित्राची चालली होती. नाहीतर झाकण उघडून हेड हलक्या हाताने सरकवायचं, व्हिडिओ आहेत त्याचे.

पेचकस:
दोन्ही नको. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, आणि ओल्या तबकडीवर हेड फिरवणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. झाकणाचं म्हणाल, तर हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड. उघड्या खोलीतला धुळीचा एक कण त्या हेडपुढे दगड आहे.

सावकाश_वाचतो:
मी या फेऱ्यातून गेलोय. मला उशिरा कळलं ते सांगतो: अशी डिस्क किती तास फिरेल ते आधीच ठरल्यासारखं असतं आणि ते तास कशावर खर्च करायचे एवढंच आपल्या हातात उरतं. मी माझे ‘रिकव्हरी’ नावाची पाच सॉफ्टवेअर आळीपाळीने चालवून उधळले. प्रत्येकाने पहिल्यापासून अख्खी डिस्क चाळली. पाचव्याच्या वेळी टकटक लागली आणि खेळ संपला.

तुम्ही असं करा. दुसऱ्या कंप्युटरवर सिस्टिमरेस्क्यूचा पेनड्राइव्ह बनवा. हे लिनक्स आहे, पेनड्राइव्हवरून चालतं आणि डीडीरेस्क्यू, म्हणजे खराब डिस्कवरून डेटा उचलायचं साधन, आतच असतं. तुमच्या डिस्कवरून विंडोज चालूच करायचं नाही, कारण ते नुसतं सुरू झालं तरी सतत काहीतरी लिहीत राहतं. १ टीबीची रिकामी एक्स्टर्नल डिस्क लागेल. ती एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल घेणार नाही, आधीच एक्सएफएटी करून ठेवा.

आधी डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट करून (म्हणजे सिस्टिमला उघडून देऊन) हस्तलिखिताचा फोल्डर उचला. काही एमबीच असेल. व्हिडिओ एकेक करून कॉपी करायचा मोह टाळा, खराब जागी कॉपी अडकली की हेड तिथेच डोकं आपटत बसतं. डिस्क परत अनमाउंट करा आणि डीडीरेस्क्यूने सगळ्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत जशीच्या तशी प्रत, घ्या. कमांडमध्ये आधी मूळ डिस्क, मग इमेजची फाइल, शेवटी मॅपफाइल. मॅपफाइल विसरू नका. कुठलं वाचून झालं आणि कुठलं राहिलं याची ती वही आहे, वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीला ‘एन’चा पर्याय द्या, म्हणजे ते सोपं सोपं उचलून घेतं आणि अवघड जागा खरवडायचं काम नंतरवर ठेवतं.

एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कची नावं कागदावर लिहा. उलटसुलट झालं तर बोलायला नको.

पेचकस:
सहमत. एकच पुस्ती: मध्येच लागोपाठ टकटक किंवा खरखर सुरू झाली, तर टक्केवारी कितीही असो, वीज तोडायची. तिथून पुढे काम स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं, आणि ते खर्चिक असतं. व्हिडिओ गेले तर चालणारच नाही असं असेल, तर घरी काही न करता थेट त्यांच्याकडे जाणंही शहाणपणाचंच. हे तुम्हीच ठरवा.

धागाकर्ती:
रात्रभर विचार केला, मग घरीच करायचं ठरवलं. यादीत एक ४६५.८जी, एक ९३१.५जी. ५०० ची डिस्क ४६५ दाखवते हे बघून आधी धसका घेतला, नंतर कळलं की मोजायची पद्धत वेगळी. नावं कागदावर लिहिली, नवऱ्याकडून वाचून घेतली, मग एंटर.

हस्तलिखित आलं. सगळी प्रकरणं उघडून बघितली. मग मी जरा रडले, ते असो.

इमेजची पहिली फेरी चालू आहे. डिस्क गरम होतेय म्हणून लॅपटॉपखाली दोन पुस्तकं सारून मध्ये हवेला जागा केलीय.

सावकाश_वाचतो:
छान. आता तिच्याकडे सारखं बघू नका आणि टेबलाला धक्काही लावू नका.

धागाकर्ती:
झालं. पहिल्या फेरीत बराच वेळ वेग बरा होता, मध्ये एका पट्ट्यात रेंगाळला, तिथे पाच-सहा वेळा ‘टक’ झालं आणि माझा हात प्लगवर गेला होता. लागोपाठ नव्हते म्हणून थांबले. दुसऱ्या फेरीनंतर ९९.९९ टक्के, न वाचलेलं ४१ एमबी. तिसरी फेरी चालवली नाही, हिंमत झाली नाही. इमेजची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली.

व्हिडिओ इमेजमधून काढले. बहुतेक सगळे धड आहेत. एक मात्र, ती पहिल्यांदा धरून उभी राहते तो, चाळिसाव्या सेकंदाला थांबतो. फाइलचा आकार पूर्ण दिसतोय. काही करता येईल?

पेचकस:
आधी त्या फाइलची प्रत करा, जे काय करायचं ते प्रतीवर. व्हीएलसीमध्ये लावा आणि पट्टी हाताने पंचेचाळिसाव्या सेकंदावर ओढा. न वाचलेल्या जागी इमेजमध्ये नुसती शून्यं आहेत, प्लेअर तिथे अडतो. पलीकडची पूर्ण फ्रेम सापडली की पुढे चालायला हरकत नसते.

धागाकर्ती:
सत्तेचाळीसवर ओढल्यावर चालला. आधी हिरवे चौकोन, मग चित्र जुळतं. तोवर ती उभी राहिलेली आहे.