लाईट आली की घड्याळात साडेपाचच का वाजतात?

निशाचर:
मंडळी, नोडएमसीयू (ईएसपी८२६६ चिपचा छोटा वायफाय बोर्ड) आणि ०.९६ इंची ओलेड स्क्रीन घेऊन नेटवरून वेळ घेणारं घड्याळ केलंय. आकडे देवनागरीच पाहिजे होते म्हणून ० ते ९ स्वतः काढून बिटमॅप करून टाकले, ते झकास दिसतात. पुण्यात व्यवस्थित चालत होतं, पण गावी राजापूरकडे आजोबांच्या खोलीत लावलं आणि घोळ सुरू. पावसात लाईट सारखी जाते-येते, आणि आली की घड्याळात साडेपाच, मग दुपार असो की मध्यरात्र, आणि तिथून पुढे ते आपलं इमानदारीत चालत राहतं आणि जरा वेळाने अचानक खरी वेळ येते. आजोबा म्हणतात तुझं घड्याळ चहा मागतंय. शिवाय नेट नसलं की मधूनच एखादा सेकंद गिळतं आणि ब्राइटनेसचं बटण दाबलं तर पटकन ऐकत नाही. नेटवरून वेळ आणणारी एनटीपीक्लायंट लायब्ररी (तयार कोड) आहे, ऑफसेट (ग्रिनिचच्या वेळेत मिळवायचे सेकंद) १९८००. आरटीसी (सेलवर वेळ धरून ठेवणारी वेगळी घड्याळ-चिप) घेऊ का कोडमध्येच काही करता येईल?

वायफळ:
साडेपाच का, तर लायब्ररीला सर्व्हरचं उत्तर मिळेपर्यंत तिच्याकडे शून्य असतं. शून्य म्हणजे १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, तीही ग्रिनिचची, त्यात तुझे १९८०० सेकंद म्हणजे साडेपाच तास मिळवले की झालं. ईएसपी काही सेकंदात जागा होतो, राउटरला मात्र लाईन पकडायला वेळ लागतो, तेवढ्यात हे सगळं नाटक होतं. वेळ खरंच आलीय का ते विचारणारं फंक्शन लायब्ररीच्या नव्या व्हर्जनमध्ये आहे, उत्तर नाही आलं तर आकडे दाखवूच नको, नुसत्या रेघा दाखव. आजोबा त्यावर बघून गोळ्या घेत असतील तर?

सेकंद गिळण्याचं कारणही तिथेच आहे. ही लायब्ररी उत्तरासाठी एकेक सेकंद अडून बसते, आणि उत्तर नाही आलं की लूपच्या (सतत फिरत राहणाऱ्या मुख्य कोडच्या) पुढच्या फेरीत परत विचारते, परत अडते. त्यात बटण कुठून वाचणार!

सोल्डर_काका:
वायफळरावांशी सहमत, पण मी म्हणेन ती लायब्ररीच काढ. ईएसपीच्या आर्डुइनो कोअरमध्ये (बोर्डासाठीच्या मूळ कोडमध्ये) कॉन्फिगटाइम हे फंक्शन आहेच, ते मागच्या मागे तासाला एकदा वेळ जुळवून घेतं आणि तुझा लूप अडवत नाही. टाइमझोनची स्ट्रिंग दिलीस तर आयएसटीपुढे (म्हणजे भारतीय वेळेपुढे) उणे ५:३० लिही, अधिक नाही. तिथे चिन्ह उलटं असतं, पूर्वेकडच्यांना उणे. अधिक लिहिलंस तर घड्याळ ११ तास मागे जाईल.

आरटीसी घ्यायचाच तर डीएस३२३१ घे, डीएस१३०७ नको. ३२३१ मध्ये तापमानाप्रमाणे स्वतःला सावरणारा क्रिस्टल आतच असतो, वर्षाला मिनिटभराचा फरक पडला तर पडला. ओलेडच्याच दोन वायरींवर तो पण बसतो, अ‍ॅड्रेस वेगळे आहेत, भांडत नाहीत. एक सांभाळ, बाजारातल्या बऱ्याच निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, त्यात साधा सीआर२०३२ बटणसेल टाकून ५ व्होल्ट दिलेस तर चार्ज न होणारा सेल चार्ज करायला जाईल. ३.३ व्होल्टवर चालव.

वायफळ:
काका, पण दोन मिनिटांच्या रेघांसाठी आरटीसी कशाला? लाईट नसताना ओलेड पण बंदच असणार की.

सोल्डर_काका:
दोन मिनिटं हो शहरात. कोकणात जुलैमध्ये झाड पडून केबल तुटली की लाईट संध्याकाळी येते, नेट कधी कधी आठवड्याने. तेवढे दिवस म्हाताऱ्या माणसाला रेघा दाखवणार का?

वायफळ:
हे पटलं. मग वेळ आरटीसीतूनच दाखवायची, आणि नेटवरून आली की आरटीसी दुरुस्त करायचा. आणि निशाचर, ओलेड रात्री मंद कर, तेच ते आकडे फुल ब्राइटनेसवर राहिले की काही महिन्यांत त्यांची सावली पडते काचेवर.

निशाचर:
आज कॉन्फिगटाइम टाकून बघितलं, राउटर मुद्दाम बंद ठेवला तरी बटण लगेच ऐकतंय. रेघा पण टाकल्या. ३२३१ मागवलाय, गणपतीला गावी जाईन तेव्हा बसवतो. काका, आरटीसीत यूटीसी (ग्रिनिचची वेळ) ठेवू का आपली वेळ?

सोल्डर_काका:
यूटीसी. दाखवताना साडेपाच मिळव.