गाळ धुणं ही नुसती हमाली?

संशोधनाच्या उन्हाळी प्रकल्पात मुलांकडून आणि शाळेतल्या शिक्षकांकडून नुसती हमाली करून घेतात, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. हमाली असतेच. समुद्रतळाचा गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, उरलेल्या वाळूसारख्या ऐवजातून फोरॅमिनिफेराची, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांची, कवचं ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलायची. मान आखडते. पण या कवचांवरून पूर्वीच्या समुद्राचं तापमान काढतात, आणि तो आकडा खरा की खोटा, ते तिथेच ठरतं. पाणी जितकं गरम तितकं कवचात ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड प्रकार) कमी, आणि फरक केवढा? एका अंशाला हजारी जेमतेम ०.२. (जगातला बर्फ वाढला-घटला तरी हे प्रमाण हलतं, ती डोकेदुखी वेगळी.)

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात आलेखावर एकाच नमुन्यापाशी अचानक थंडी पडली. मी खूश, काहीतरी सापडलं! शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या शाळेतल्या बाईंनी उरलेली कवचं पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, यात दोन जाती आहेत." पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या रुबर या जातीत मी खालच्या गार पाण्यातली डुटरट्री ही जात मिसळली होती. तो नमुना परत पहिल्यापासून निवडला, थंडी गायब.