पुण्याजवळ आकाशगंगा दिसेल अशी जागा सांगा (जरा लवकर)

नाइलाज_हिंजवडीकर
मंडळी, पुण्याजवळ पक्का अंधार असलेली, गाडी थेट जाईल अशी जागा हवी आहे. मुलगी चौथीत आहे, पुस्तकात आकाशगंगेचं चित्र बघून मागे लागलीय. मागच्या हिवाळ्यात पानशेतच्या बाजूला एका 'तारे दर्शन' कॅम्पला गेलो होतो. माणशी अठराशे. तंबूंवर दिव्यांच्या माळा, अकरापर्यंत स्पीकरवर गाणी, मग एका दुर्बिणीपुढे रांग आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट गुरू. आकाशगंगेचं विचारलं तर तिथला पोरगा म्हणतो, "सर, ती फोटोत येते." त्यामुळे कृपया कॅम्प सुचवू नका. शनिवारी निघायचंय.

खगोलवेडा
कोणता शनिवार? सोबत कोण? चढाई चालेल का?

विदर्भपुत्र
थेट नागपूरजवळचं पेंच गाठा. जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली आहे. नुसती पाटी लावलेली नाही. वाघोमा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले, तेव्हा कुठे मान्यता आली. तुमच्याकडे रिसॉर्टवाले झाडांना खालून फोकस मारतात आणि त्याला निसर्ग म्हणतात.

नाइलाज_हिंजवडीकर
@विदर्भपुत्र, 'पुण्याजवळ' लिहिलंय हो.
@खगोलवेडा, वर लिहिलंय की, शनिवारी. दसऱ्यानंतरचा. सुट्टी मंजूर झालीय. बायको, मुलगी, सासूबाई. चढाई नको.

चकलीची_भाजणी
दसऱ्यानंतरचा शनिवार म्हणजे कोजागिरीच्या तोंडावर! मसाला दूध घेऊन जा, चंद्र मस्त दिसेल 😀

खगोलवेडा
हेच विचारत होतो. चंद्र एवढा मोठा असताना लडाखमधल्या हनले वेधशाळेला गेलात तरी आकाशगंगा दिसायची नाही. मागच्या वेळचा दोषही सगळा कॅम्पचा नव्हता. आकाशगंगेचा ठळक भाग धनु-वृश्चिकाकडे असतो आणि डिसेंबरात सूर्यच धनु राशीच्या आसपास, म्हणजे तो भाग दिवसा वर असतो. हिवाळ्यात रात्री दिसतो तो फिकट पट्टा. ते पोरगं अर्धं खरं बोललं.

लडाख_तीनदा
हनलेला जाणार असाल तर लेहमध्ये किमान दोन दिवस थांबा. वेधशाळा ४५०० मीटरवर आहे, विरळ हवेचा त्रास होतो. लहान मूल आणि ज्येष्ठ असतील तर डॉक्टरांना विचारा.

नाइलाज_हिंजवडीकर
हनलेला कोण चाललंय??

शिवनेरी_एक्सप्रेस
जुन्नरकडे या. माळशेजच्या अलीकडे गावात मावसभावाचं घर आहे, अंगणात बाज टाकून झोपायचं. आमच्या आजीच्या वेळी म्हणे नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात पायवाट दिसायची.

खगोलवेडा
अंधार आहे, पण दिशा चुकते. जुन्नरहून पुण्याचा उजेड दक्षिणेला येतो आणि धनु-वृश्चिक नेमके तिकडेच. पुण्याच्या नैर्ऋत्येला जा, म्हणजे शहराची लाली पाठीमागे राहते. वेल्ह्याच्या पुढे केळद, मढे घाटाची बाजू. रस्ता थेट गावापर्यंत आहे.

चकलीची_भाजणी
शिवाय जुन्नरला अंगणात बाज? बिबटे?

शिवनेरी_एक्सप्रेस
बिबट्या सहसा उसात असतो. पुण्याच्या लोकांना बातम्या वाचून गाव कळतं.

चकलीची_भाजणी
मी जुन्नर तालुक्यातल्याच ओतूरची आहे दादा.

लेन्स_आणि_मी
आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घ्या, आयुष्यभर पुरेल. मी ग्रहांसाठी वापरतो.

खगोलवेडा
आकाशगंगेला दुर्बीण लागतच नाही! ती आकाशभर पसरलेली असते, दुर्बिणीत जेमतेम एक छोटा तुकडा मावतो. फार तर १०×५० ची द्विनेत्री (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची).

अंधारप्रेमी
कुठेही जा, दिवे पोचलेले असतील. आमच्या सोसायटीने पिवळे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले. वीज वाचली, पण पांढऱ्यातला निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, त्यामुळे गच्चीवरून कृत्तिकांचे तारे दिसेनासे झाले. सभेत बोललो तर सेक्रेटरी म्हणाले, "चोरी झाली तर तारे भरून देणार का?"

विदर्भपुत्र
म्हणूनच म्हणतो, पेंच.

खगोलवेडा
@हिंजवडीकर, सुट्टी पुढे ढकला. वसुबारसेच्या आधीचा शनिवार घ्या. संध्याकाळी चंद्र नाही, परतीचा पाऊस बहुधा आटोपलेला, फटाक्यांचा धूरही नाही. साडेसात ते साडेआठ नैर्ऋत्येला ठळक भाग बघा, नंतर तो मावळतो. दहाच्या सुमारास उत्तर-ईशान्येला उंचावर शर्मिष्ठा तारकासमूहाजवळ देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी) शोधा. २५ लाख प्रकाशवर्षांवरचं नुसत्या डोळ्यांनी दिसतं हे मुलीला सांगा, गुरू विसरेल. जेवण गावात कुणाकडे सांगितलंत तर अंगणातला दिवा बंद ठेवायचंही तेव्हाच सांगा. मोबाइल गाडीत. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सअॅप उघडलं की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन लावा. कड्याकडे अंधारात जाऊ नका. आणि चित्रासारखी जांभळी-गुलाबी दिसणार नाही, मळकट पांढरा पट्टा दिसेल. हे आधी सांगितलं नाहीत तर रडेल.

पहाटपक्षी
यापेक्षा मार्चमध्ये पहाटे चारला उठा. कितीतरी चांगली दिसते.

खगोलवेडा
मान्य. पण चौथीतल्या मुलीला मार्चमध्ये पहाटे चारला उठवून बघा.

नाइलाज_हिंजवडीकर
सुट्टी बदलून घेतली. मॅनेजरला कारण 'कौटुंबिक' सांगितलं. सासूबाई म्हणतात ढगासारखा पट्टाच असतो तो, त्यांनी लहानपणी पाहिलाय, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. १०×५० कुणाकडे दोन दिवस उसनी मिळेल का?

लेन्स_आणि_मी
माझ्याकडे आहे. राहता कुठे?